ज्यात माणूस, त्याची वाट आधी

रविवारी सकाळी विहारात वंदनेला सगळी वस्ती जमायची आणि मी तिथे नसायचे, ही आमच्या आईची कायमची तक्रार. "लोक विचारतात, पोरगी कुठंय? काय सांगू? विमान उडवायला गेलीय म्हणून सांगू?" असं ती दारात उभी राहून म्हणायची, आणि मी दादाच्या स्कूटरवर मागे बसून, दोन्ही हातांत पंख सांभाळत, खरंच विमान उडवायला निघालेली असायचे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं, मोबाइल नुकते आमच्यासारख्यांच्या हातात आले होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. मी एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटी चेकिंगला होते, दादा पलीकडच्या कारखान्यात फिटर. ड्रोन हा शब्द आम्ही तेव्हा ऐकलाही नव्हता. आमची होती ती रेडिओवर चालणारी छोटी विमानं. हलक्या बाल्साच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर इस्त्री फिरवून चिकटवलेला रंगीत कागद, पुढे मुठीएवढं इंजिन. जमिनीवर उभं राहून हातातल्या डब्याच्या दोन दांड्या हलवायच्या आणि वर विमान वळवायचं. इंजिनात जळलेल्या एरंडेलाचा वास कपड्यांना असा बसायचा की सोमवारी कंपनीतल्या बायका विचारायच्या, कुणाचं पोट बिघडलंय का?

विमानं बांधायचा दादा. पंख बांधावा तर त्यानेच. पण उडवायला घेतलं की त्याचा गोंधळ व्हायचा. विमान लांब जाताना सगळं ठीक, ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं उजवं होतं, उजवं डावं. तिथे तो चुकायचा आणि महिनाभराचं काम चिखलात जायचं. एकदा वैतागून त्याने डबा माझ्या हातात दिला. मला ते जमलं. का जमलं ते मला सांगता येणार नाही. मी मनाने त्या विमानात बसायचे, एवढंच. त्या दिवसापासून तो बांधणारा आणि मी उडवणारी.

आमच्यात तिसरे होते उल्हासनगरचे काका. सिंधी गृहस्थ, कॅम्पात त्यांचं इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान. रेडिओ, विमानाच्या झडपा हलवणाऱ्या सर्वो मोटरी, बॅटऱ्या सगळं तेच मागवून द्यायचे. सगळ्यात देखणं विमान त्यांचं असायचं आणि दर रविवारी पहिलं पडायचंही त्यांचंच. पडलं की तुकडे गोळा करत म्हणायचे, "साईं, आज हवा खराब थी." हवा कशीही असो.

बदलापूरजवळ सोनिवलीच्या पुढे, नदीच्या अलीकडे एक मोठा सपाट माळ होता. भाताला निकामी, गवत कापून झालं की मोकळा. मधल्या एका पट्ट्यात आम्ही दगड वेचून, रोलर फिरवून धावपट्टी केली होती. माळ एका काकूंच्या मालकीचा. जुनं आगरी घर, कर्ता माणूस गेलेला, मुलगे नोकरीला, आणि शेती, म्हशी, गावची शाळा कमिटी हे सगळं त्या एकट्या हाकायच्या. आम्हाला त्यांनी उडवायला दिलं ते एका अटीवर: "म्हशी त्या बाजूला चरतान, तिकरं जावाचा नाय." आम्ही जायचो नाही.

एका हिवाळ्यातल्या सकाळी माझं पिवळं विमान वर होतं. हवा इतकी स्थिर की दांड्यांना बोट लावायची गरज नाही. दादा शेजारी उभा होता, काका आपल्या विमानाची टाकी भरत होते. आमचं इंजिन एवढंसं, पण आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे दुसरा आवाज आम्हाला कुणालाच आला नाही.

आंब्याच्या राईवरून ते एकदम समोर आलं. तिकोनी कापडी पंख, खाली लोखंडी चौकट, तीन चाकं, पाठीमागे गरगरणारा पंखा, आणि चौकटीत बसलेला हेल्मेटवाला माणूस. माझ्या विमानाच्या उंचीला आणि नेमकं त्याच्याच दिशेने.

"खाली घे!" दादा ओरडला.

माझ्या हातांनी ते आधीच केलं होतं. मी दांडी पुढे ढकलली, विमानाने नाक खाली टाकलं, आणि ते त्या माणसाच्या चाकांखालून निघून गेलं. किती अंतर होतं? दादा म्हणतो बरंच होतं, काका म्हणतात हातभर. मला फक्त त्या माणसाने पाय वर उचललेले आठवतात. विमान गवतावर उतरवलं. मी तिथेच मातीत बसले. काका माझ्या हातातला डबा अलगद काढून घेत पुटपुटले, "बच गया, साईं. आदमी बच गया."

तासाभरात एक जीप धूळ उडवत माळावर आली. उतरला तो साठीचा, ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. हवाई दलातून निवृत्त झालेले. वांगणीला शेतघर बांधून राहिले होते आणि रीतसर परवानगी काढून हे यंत्र उडवत होते. त्याला ट्राइक म्हणतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वांगणीचे लोक त्याला उडती रिक्षा म्हणत. आम्ही त्यांना पुढे 'साहेब' म्हणायला लागलो, पण त्या दिवशी ते सरळ दादाच्या अंगावर आले.

"कुणी शिकवलं तुला? समोर माणूस दिसत नाही?"

"मी नव्हतो," दादा म्हणाला. "ती उडवत होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गवतावरचं पिवळं विमान उचललं, इंजिनावर बोट ठोकलं. "हा लोखंडाचा गोळा माझ्या पंख्यात गेला असता ना, तर मी आता नदीत असतो. तुमचं हे खेळणं आहे. माझा जीव आहे."

"कळतंय," मी म्हणाले. "पण तुम्ही येणार हे आम्हाला कळायचं कसं? वर काही रस्ते आखलेले नाहीत."

"आकाश बघायचं!"

"आकाशच बघत होते. माझं विमान आकाशातच होतं."

आवाज चढले. तेवढ्यात काकू आल्या. उडत्या रिक्षाच्या आवाजाने त्यांच्या म्हशी उधळून ओढ्यापर्यंत पळाल्या होत्या आणि त्या हातात काठी घेऊन, पदर खोचून सगळ्यांचाच हिशेब करायला निघाल्या होत्या. आम्हाला त्यांनी घराच्या ओट्यावर बसवलं. साहेब हवाई दल, नियम, उंची असं काही सांगायला लागले. काकूंनी काठी आपटली.

"गप बसा दोघंव. आकास कोनाचे बापाचा नाय. पन जमीन माझी हाय. तुमचा भांडन मिटलेबिगर हिथना कोनी काय उरवाचा नाय. न तुमीव," त्या साहेबांकडे वळल्या, "माझे म्हशींचे डोक्यावशी जावाचा नाय. बसा, बोला, न ठरवा. तवर मी च्या टाकते."

चहा आला तरी काही ठरलं नव्हतं. साहेबांचं म्हणणं, तुम्ही दुसरा माळ शोधा. दादाचं म्हणणं, तुम्ही नदीच्या पलीकडून जा. माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, तो मी शेवटी विचारला.

"साहेब, तुम्हाला वरून माझं विमान कधी दिसलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दिसलंच नाही," ते म्हणाले. "खालून जाताना सावली दिसली."

"पिवळंधमक आहे ते."

"असेल. वर चल, मग तूच बघ."

हे ते रागात म्हणाले असावेत. पण मी पुढच्या रविवारी खरंच वांगणीला जाऊन उभी राहिले. आईला सांगितलं नव्हतं. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत जाऊन दुसरं हेल्मेट आणलं आणि पट्टे स्वतः दोनदा ओढून तपासले.

उडण्याचं ते पहिलं मिनिट मी अजून विसरलेले नाही. इतकी वर्षं मी मनाने विमानात बसत आले होते. आता खरोखरच बसले होते, आणि पायांखाली काही नव्हतं. डावीकडे चंदेरी किल्ल्याचा सुळका आमच्या बरोबरीला आला. पुढे नदीचं वळण, बदलापूरच्या अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगा, त्यापलीकडे अंबरनाथची धुराडी, आणि अगदी लांब उल्हासनगरची एकमेकांना चिकटलेली पत्र्यांची छपरं उन्हात चमकताना. आमची वस्ती मी शोधली, पण धुरक्यात सापडली नाही. मी हसत होते. हेल्मेटातल्या माइकमधून ते साहेबांना ऐकू जात होतं.

"झालं हसून?" ते म्हणाले. "तो तुमचा माळ. तुझा भाऊ उडवतोय. शोध."

काकूंची खास परवानगी काढून दादा खाली माझं पिवळं विमान उडवत होता, सरळ रेषेत, जेवढं त्याला जमायचं तेवढं. आम्ही पुष्कळ उंचावर होतो, धोका नव्हता. मी डोळे फाडून पाहिलं. खाली वाळलेलं गवत, सगळा माळ पिवळा, आणि त्यावर कुठेतरी माझं पिवळं विमान. दादा मुंगीएवढा दिसला. काकूंची म्हैस दिसली. विमान नाही. साहेबांनी माळाला पूर्ण फेरी मारली. नाहीच.

"आता कळलं?"

कळलं होतं. तिथे, त्या उंचीवर, एका झटक्यात कळलं. वरच्याला खालचं कधीच वेळेवर दिसणार नाही, आपण विमानाला कुठलाही रंग दिला तरी. खालचा माणूस मात्र मान वर करून सगळं बघू शकतो, आणि त्याच्या विमानात कुणी बसलेलं नसतं. वाट कुणी सोडायची यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

उतरल्यावर मी साहेबांना म्हणाले, "ज्यात माणूस, त्याची वाट आधी. हे आमचं कबूल. तुम्ही आलात की आम्ही खाली. पण तुम्ही येताय हे आम्हाला आधी कळलं पाहिजे, आणि आमचं वर काहीतरी आहे हे तुम्हाला लांबून कळलं पाहिजे. विमान दिसायची गरज नाही. जागा दिसली पाहिजे."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "जागा दिसली पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चहा घेणार का?"

त्या चहाच्या वेळी आमचं सगळं ठरलं. साहेबांनी इंजिन चालू करण्याआधी दादाच्या मोबाइलवर मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे घरी उतरलो. मधल्या वेळात आमची विमानं माळाच्या कडेच्या चिंचेपेक्षा उंच जाणार नाहीत, आणि ट्राइक दिसली की सरळ जमिनीवर. साहेबांनी म्हशींपासून लांब, नदीवरूनच यायचं, आणि माळाकडे वळण्याआधी खाली बघायचं. माळावर कापडाची मोठी फुली पसरलेली दिसली तर आमचं काहीतरी वर आहे, तिकडे फिरकायचं नाही. फुलीचा एक पट्टा ओढून घेतला आणि नुसता सरळ पट्टा उरला, तर आमचं सगळं खाली आहे, माळ तुमचा, इथे या आणि उतरा.

कापड आणलं काकांनी. कॅम्पातल्या कुठल्याशा गाळ्यातून भडक केशरी पॅराशूटचं कापड, दोन लांबलचक पट्टे. उलगडून दाखवताना त्यांची छाती फुगली होती. "साईं, ये चाँद से भी दिखेगा!"

राहिला आवाजाचा प्रश्न. उडवणाऱ्याने विमानावरून नजर काढली की विमान गेलं. म्हणून एक जण इंजिनापासून लांब, आमच्याकडे पाठ करून उभा राहील, त्याने विमानाकडे बघायचंच नाही, फक्त बाकीचं आकाश बघायचं आणि ऐकायचं, असं आम्ही योजलं. पण कोण? दादाला आपलं विमान वर असताना पाठ करून उभं राहवेना. काकांचा एक डोळा सतत माझ्या विमानावर. शेवटी काकूच म्हणाल्या, "माझा शेत हाय, मीच बघते. म्हशींकडं बघते तवा आकासाकडंव बघन." काकांनी त्यांना पंचांची असते तशी शिट्टी आणून दिली. काकूंनी ती मंगळसूत्र असावं तशी गळ्यात घातली आणि पहिल्याच दिवशी घारीला शिट्टी मारली, विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनला मारली, आणि काकांच्या विमानालाही मारली, जे थोड्या वेळाने पडलंच.

पहिले काही रविवार गंमतच झाली. दादाला त्याच्या मित्राचा मिस कॉल आला आणि आम्ही धावपळ करून सगळं खाली उतरवून अर्धा तास रिकामं आकाश बघत बसलो. मग साहेबांच्या नंबराला वेगळी रिंगटोन लावली. एकदा वाऱ्याने फुलीचा कोपरा उलटला, तर साहेब वळून परत गेले आणि संध्याकाळी फोनवर म्हणाले, "अर्धी फुली म्हणजे काय? मला शंका आली, मी गेलो. शंका आली की जायचं." दुसऱ्या दिवशी दादाने कापडाच्या टोकांना खुंट्या ठोकल्या. असं करत करत ते अंगवळणी पडलं. मिस कॉल, शिट्टी, विमान खाली, पट्टा ओढ, साहेब नदीवरून डौलात जाणार, हात हलवणार, आम्ही हलवणार. म्हशीसुद्धा मान वर करेनाशा झाल्या.

जानेवारीत गावच्या शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन होतं. कमिटीत काकू. त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं की कार्यक्रमाला विमानं उडतील, लहान विमान ही पोरगी उडवील आणि मोठ्या विमानातून साहेब फुलं टाकतील. मंडप माळाच्या कडेला, शाळेला लागून. सोनिवली तर आलीच, बदलापुरातून लोक आले, आणि काय मनात आलं कोण जाणे, आमची आईसुद्धा विहारातल्या चार बायकांना घेऊन आली. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत ताठ बसली होती, परीक्षा घ्यायला आल्यासारखी.

त्या दिवसापुरतं आम्ही आखलं होतं ते असं. फुली पसरायची, मी उडवायचं. साहेब तोवर नदीवर फेऱ्या मारत थांबणार. मी विमान उतरवलं की पट्टा ओढायचा, मग साहेबांनी माळावर येऊन मोकळ्या बाजूला फुलं टाकायची. एका वेळी एकच.

मिस कॉल आला. मी विमान सोडलं. मुलांनी असा गलका केला की मला इंजिनही ऐकू येईना. मी एक गिरकी घेतली, मग दुसरी, मग उलटं करून मंडपासमोरून सरळ नेलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून आईचा चेहरा दिसला, तोंड उघडं. लांब नदीवर साहेबांचा तिकोनी पंख संथ घिरट्या घालत होता. सगळं ठरल्याप्रमाणे.

आणि काकूंची शिट्टी वाजली. एकदा नाही, श्वास न घेता.

मी विमानावरून नजर काढू शकत नव्हते. "दादा, काय आहे?"

"हेलिकॉप्टर," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "कर्जतकडून. कमी उंचीवरून येतंय. नदी धरून."

कुणा पुढाऱ्याची पुढे कुठे सभा असावी. त्या हेलिकॉप्टरला आमच्या मिस कॉलची आणि फुलीची काय खबर? नदीच्या रेषेवरून ते सरळ येत होतं, आणि त्याच नदीवर साहेब त्याच्याकडे पाठ करून घिरट्या घालत होते. कानांवर हेल्मेट, मागे स्वतःचं इंजिन. त्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि आम्हीच त्यांना सांगितलं होतं की फुली आहे तोवर तिथेच थांबा.

"पट्टा ओढ!" मी ओरडले.

"तुझं वर आहे ना!"

बरोबर होतं. माझं विमान वर असताना पट्टा ओढणं म्हणजे साहेबांना खोटं सांगणं. ते विश्वासाने येतील आणि समोर माझं विमान असेल. धावपट्टीवर उतरवायला लांबून वळण घ्यावं लागलं असतं, आणि वेळ नव्हता. शिवाय पट्टी साहेबांना मोकळी हवी होती. मी इंजिन बंद केलं, विमान तिथल्या तिथे वळवलं आणि पलीकडच्या उंच गवतात सोडून दिलं. लोकांमधून "आऽऽ" असा आवाज उठला. विमान गवतात गेलं, दिसेनासं झालं. दादा काय म्हणेल याचा विचार करायलाही मी थांबले नाही. डबा काकांच्या हातात दिला आणि धावले.

काकू माझ्याआधी पोचल्या होत्या. शिट्टी दातांत, नऊवारी वर खोचलेली. दादाने ठोकलेल्या खुंट्या निघता निघेनात. काकूंनी एक लाथ घातली, खुंटी उडाली. आम्ही दोघींनी टोक धरलं आणि तो आडवा पट्टा फरफटत ओढून काढला. माळावर एकच सरळ केशरी रेघ उरली.

मी नदीकडे पाहिलं. साहेब अजून वळणावरच होते. हेलिकॉप्टरचा आवाज आता छातीत बसत होता. "बघा," मी म्हणत होते, "बघा ना, खाली बघा." काकू शिट्टी वाजवतच होत्या, जणू ती तिथपर्यंत ऐकू जाणार होती.

पंख कलला. साहेबांनी रेघ पाहिली होती. ते नदी सोडून माळाकडे वळले, नाक खाली करून सरळ आमच्या पट्टीवर यायला लागले, आणि त्यांची चाकं जमिनीला लागत होती तेव्हा त्यांच्या पाठीमागे, ते मघाशी जिथे फिरत होते तिथूनच, हेलिकॉप्टर धडधडत निघून गेलं.

मग सगळ्या मंडपाने टाळ्यांचा असा कडकडाट केला की चिंचेवरचे बगळे उडाले. लोकांना वाटलं, हे सगळं कार्यक्रमातलंच आहे! छोटं विमान गवतात गडप होतं, दोन बाया कापड ओढतात, रिक्षावालं विमान खाली येतं आणि वरून हेलिकॉप्टर जातं. मुख्याध्यापक माइकवरून सांगत होते, "आपल्या शाळेसाठी खास तीन-तीन विमानं!" आणि मुलं नाचत होती.

साहेब चौकटीतून उतरले. हेल्मेट काढलं. हेलिकॉप्टर गेलं त्या दिशेला बघत राहिले, मग आमच्याकडे चालत आले. त्यांचा चेहरा पांढरा होता. "मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "दिसलंही नाही. मला वाटलं तुझं लवकर उरकलं. कुणी पाहिलं?"

मी काकूंकडे बोट दाखवलं. साहेबांनी टाचा जुळवल्या आणि त्या घामेजलेल्या, नऊवारी खोचलेल्या बाईला कडक सॅल्यूट ठोकला. काकूंना शिट्टी तोंडातून काढायचं सुचलं नाही. त्यांच्या श्वासाबरोबर ती बारीक वाजली आणि आम्ही सगळे हसत सुटलो. काका तर हसता हसता रडत होते.

आकाश रिकामं आहे याची काकूंनी चारी बाजूंना वळून खात्री केली, तेव्हा साहेब पुन्हा वर गेले. त्यांनी नदीवरून वळून येऊन झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. वाऱ्याने त्या माळावर न पडता मंडपावर, मुलांच्या डोक्यांवर, भाषण करणाऱ्यांच्या कागदांवर पडल्या. उद्घाटनाची रिबन कधी कापली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आई माझ्याजवळ आली. माझ्या केसांतली पाकळी काढली. विहारातल्या बायकांकडे वळून म्हणाली, "ही माझी मुलगी." बस्स, एवढंच. पण तिने ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, दादा नोकरीला लागला त्या दिवशी.

त्यानंतर आम्ही त्या माळावर अनेक वर्षं उडवलं. डोंबिवलीचे, कल्याणचे लोक यायला लागले, त्यांच्या गटांनीही आपापल्या माळावर पाठ करून उभा राहणारा माणूस नेमला. कुणी नवीन आलं की साहेब स्वतः त्याला समोर बसवून विचारायचे, "वाट कुणाची आधी?" उत्तर नीट आलं तरच डबा हातात. एकदाही पुन्हा तसा प्रसंग आला नाही.

उद्घाटनाच्या त्या दिवशी जेवणं काकूंच्या ओट्यावर झाली. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. साहेब बोटं चाटत जेवत होते. दादाने गवतातून विमान शोधून आणलं होतं, पुढचा पंखा मोडला होता, बाकी ओरखडासुद्धा नाही. त्याने खिशातून नवीन पंखा काढून बसवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ऊन कलायला लागलं होतं, वारा पडला होता.

"काकू," मी म्हणाले, "आज तुम्ही उडवायचं."

"मी? माझे हातान म्हशीचा दोर शोभतं."

"मी दुसरा डबा जोडते. तुमचं चुकलं तर मी सांभाळेन."

साहेब शिट्टी गळ्यात घालून आमच्याकडे पाठ करून माळाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काकांनी फुली पसरली. विमान वर नेऊन स्थिर केलं आणि मी म्हणाले, घ्या. काकूंनी दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले, जीभ दातांत धरली. विमान डगमगलं, सावरलं, आणि हळूहळू, मोठं गोल वळण घेत त्यांच्या विहिरीवरून, गोठ्यावरून, चिंचेच्या शेंड्यालगत जायला लागलं. मी माझ्या दांड्यांवरून बोटं काढून घेतली. त्यांना सांगितलं नाही.

"हाव," काकू पुटपुटल्या, "जातंय, जातंय." मग एकदम मोठ्याने, अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "ए, बघा र! माझे शेतावशी माझा इमान!"